मुलांचा पहिला तंबू-मुक्काम: जागा बघण्यापासून मेखा मोजण्यापर्यंत

दिवाळीची सुट्टी संपली की फोन सुरू होतात. “सर, मुलांना घेऊन दोन रात्री तंबूत राहायचंय, एखादी छान जागा सुचवा ना.” जागा सांगितली की पुढचा फोन थेट कॅम्पनंतर येतो. पाणी पुरलं नाही, निम्मी मुलं थंडीने रात्रभर जागी होती, दोघांना तापच आला, आणि एका पालकाने पहाटे तीनला गाडी काढून मुलाला घरी नेलं. चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे.

कॅम्पमध्ये मुलांना त्रास व्हायलाच हवा. मात्र कुठला त्रास व्हावा, हे आपण ठरवायचं. खिचडी खाली लागली, ओलं सरपण पेटेना, मध्यरात्री तंबू एका अंगाला कलला, हा त्रास मुलांच्या वाट्याचा. तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका. प्यायला पाणी नाही, पाठीखाली गारठा आहे, अंधारात संडासला जायची भीती वाटते म्हणून मूल रात्रभर पोट धरून बसलं आहे, हा त्रास आपल्या आळसाचा. तो मुलांनी भोगायचा नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. मोठी माणसं तंबू ठोकून देतात, स्वयंपाकाला आचारी आणतात, आणि पाण्याचा हिशेब मात्र कुणीच केलेला नसतो.

खालचे टप्पे २४ मुलं, ४ मोठी माणसं आणि दोन रात्री असा हिशेब धरून लिहिले आहेत. मुलांचं वय १० ते १४. स्काऊट-गाईडचं पथक असो किंवा सोसायटीतल्या पालकांनी मिळून काढलेला बेत असो, क्रम तोच राहतो.

## १. जागा (तीन आठवडे आधी)

हंगाम मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी. पावसाळ्यात नवख्या मुलांना तंबूत ठेवू नका. मार्चनंतर ऊन, वणवे आणि आटलेले पाणवठे.

माझी पहिली जागा मी ऑक्टोबरात पाहून आलो होतो. शेजारी ओढा खळाळत होता. जानेवारीत पथक घेऊन पोचलो तेव्हा तिथे शेवाळलेलं एक डबकं उरलं होतं. मग आम्ही दोघं शिक्षक दोन दिवस गावातल्या हापशावरून कॅन वाहत राहिलो आणि मुलांकडे बघायला कुणीच नव्हतं. तेव्हापासून जागा तीन आठवड्यांपेक्षा जास्त आधी पाहत नाही, आणि गावातल्या बाईमाणसांना एक प्रश्न हमखास विचारतो: “संक्रांतीच्या सुमाराला इथे पाणी असतं का?” पुरुष “असतं की” म्हणून मोकळे होतात. पाणी भरणारी बाई खरं सांगते.

पहिला कॅम्प गडावर नेऊ नका. कितीही मोह झाला तरी नको. गडावर टाक्यातलं पाणी मोजकं असतं, अंधारात कडे दिसत नाहीत आणि दुखापत झालेलं मूल खाली आणायला तास जातात. शिवाय संरक्षित स्मारकांवर सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबता येत नाही. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी अभयारण्याचे नियमही लागू होतात. पायथ्याचं गाव, गावाला लागून एखादं पडीक माळरान किंवा कापणी झालेलं शेत, आणि मालकाची लेखी हरकत-नाही, एवढं पहिल्या खेपेला भरपूर झालं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राजमाचीसारखं ठिकाण धरा. तिथे उधेवाडी गाव अंगावरच आहे आणि अडीअडचणीला घरगुती जेवणही मिळतं.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात उसाच्या फडाला लागून तंबू ठोकू नका. बिबट्याचा वावर तिथे रोजचा आहे. या भागात जायचंच असेल तर रात्रीची झोप शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या बंद सभामंडपात घ्या, तंबूचे धडे दिवसा द्या.

> इशारा: धरणाचा फुगवटा, नदीचा डोह आणि समुद्र यांच्या काठावर कॅम्प नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ‘नुसते पाय भिजवू’ ही परवानगीसुद्धा देऊ नका. पोहणं वेळापत्रकात नाही म्हणजे नाही.

जागा पाहायला जाल तेव्हा तिथून जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत स्वतः गाडी चालवत जा आणि वेळ मोजा. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त लागला तर दुसरी जागा शोधा. रुग्णालयात शिरून विचारा, सर्पदंशाची लस (प्रतिविष) आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि फोन वहीत लिहून घ्या. परत जागेवर या आणि मान वर करून बघा. डोक्यावर वाळकी फांदी आहे का? झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकतंय का? मान वर करायचं बहुतेक जण विसरतात.

## २. परवानग्या आणि पालकसभा (दोन आठवडे आधी)

कागद थोडक्यात: जमीन मालकाची परवानगी, ग्रामपंचायतीला पत्र, स्थानिक पोलीस ठाण्याला मुलांच्या संख्येसह माहिती. जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी. शाळेचा कॅम्प असेल तर शिक्षण खात्याची, आणि पथक नोंदलेलं असेल तर भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयाची मंजुरी. मुली असतील तर किमान दोन शिक्षिका हव्यातच. एकच असली आणि तिला बरं नसलं तर कॅम्पला बाईमाणूस उरणार नाही, म्हणून दोन.

आरोग्यपत्रक मात्र मन लावून करा. छापील फॉर्मवर ‘काही आजार आहे का?’ असं विचारलं की पालक ‘नाही’ लिहून सही करतात. प्रश्न सुटे करून विचारा. दम्याचा पंप वापरतो का? कधी फिट आली होती का? शेंगदाणे, दूध, एखादं औषध यांनी पित्त उठतं का? झोपेत चालतो का? अंथरूण ओलं करतो का? मुलीची पाळी सुरू झाली आहे का, आणि तिला ती एकटीने सांभाळता येते का? शेवटचे दोन प्रश्न कागदावर नकोत. पालकांशी एकेकट्याने फोनवर बोला. तापावर मुलाच्या वजनाप्रमाणे गोळी किती द्यायची, हे त्यांच्याच डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगा.

पालकसभेत एक गोष्ट ठासून सांगा. निरोप देताना “नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच येतो” असं म्हणू नका. हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण मुलाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच की आईबाबांनाही आपल्यावर भरवसा नाही. पहिली अडचण आली की ते मूल फोनच शोधतं. त्याऐवजी “परत आलास की मला सगळं सांग” म्हणा. मुलांकडे फोन नसतील, रोज रात्री आठला पालकांच्या गटावर एक निरोप आणि एक फोटो येईल, तातडीला अमुक एक नंबर, हे तिथेच ठरवून टाका.

> तपासा: एकही मोठा माणूस एकाही मुलासोबत बंद जागेत एकटा राहणार नाही. तंबूत नाही, गाडीत नाही, प्रथमोपचार करतानाही नाही. हा नियम सोबत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी उत्साही पालकांनाही, सभेतच वाचून दाखवा. कुणी नाक मुरडलं तर त्यांना नेऊ नका.

## ३. संघ पाडा आणि रंगीत तालीम घ्या (दहा दिवस आधी)

२४ मुलांचे सहा-सहाचे चार संघ करा. प्रत्येक संघात थोरली, मधली आणि धाकटी मुलं मिसळा. जिवलग मित्रांची जोडी तोडू नका, पण सहाही मित्र एकाच संघात नकोत. संघनायक हुशार असण्यापेक्षा शांत असावा. वर्गात पहिला येणारा मुलगा बरेचदा सगळी कामं स्वतःच करून टाकतो आणि बाकीचे पाच उभे राहतात.

गाठी मोजक्याच शिकवा. रीफ नॉट (दोन टोकं जोडायला), क्लोव्ह हिच (दोर काठीला बांधायला), बोलाइन (न सरकणारा फास) आणि दोन हाफ हिच (दोर खांबाला अडकवायला) या चार गाठी हाताला बसल्या की तंबू उभा राहतो, कपडे वाळत घालायची दोरी बांधता येते आणि बादली ओढता येते. पंधरा गाठी तक्त्यावर दाखवून एकही न येणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. डोळे मिटून बांधता आली तरच ती गाठ आली असं धरा, कारण तिथे काम अंधारातच पडतं.

शिट्टीच्या खुणाही आताच पक्क्या करा. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प राहा, पुढच्या खुणेकडे लक्ष द्या. पाठोपाठ आखूड शिट्ट्या म्हणजे धावत एकत्र या. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे फक्त संघनायकांनी या. आखूड-लांब, आखूड-लांब म्हणजे धोका. आवाज फुटेपर्यंत ओरडणारे सर मी पुष्कळ पाहिलेत, मुलं तिसऱ्या हाकेला ऐकेनाशी होतात.

मग एक संध्याकाळ शाळेच्या मैदानावर किंवा गच्चीवर घ्या. तंबू उभारणं, पाडणं, घडी घालणं. एका चुलीवर एक खिचडी. आणि शक्य असेल तर तिथेच एक रात्र झोप. ही रात्र टाळू नका. कुणाला अंधाराची भीती वाटते, कुणाचं अंथरूण पुरत नाही, कुठल्या तंबूची काठी तुटलेली आहे, हे घरापासून दहा मिनिटांवर कळलेलं बरं.

## ४. सामान: मुलाने भरायचं, आईने नुसतं बघायचं

सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. ३० किलोच्या मुलाला ६ किलो, त्याहून कमी असेल तर उत्तमच.

आईने भरलेल्या सॅकमधून मूल काहीच शोधू शकत नाही. रात्री नऊला कानटोपी हवी असते, ती तळाशी असते, मग सगळी सॅक तंबूत ओतली जाते आणि एक मोजा शेजाऱ्याच्या वळकटीत जातो. यादी मुलाच्या हातात द्या आणि आधी सगळं सामान जमिनीवर मांडायला लावा. मग जे शेवटी लागणार ते तळाशी, जे पहिल्यांदा लागणार ते वर.

दोन दिवसांचे कपडे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. झोपायचा एक जोड पूर्ण वेगळा ठेवा, तो दिवसा अंगावर चढवायचा नाही. दिवसभराच्या घामाने दमट झालेल्या कपड्यांत झोपलेलं मूल पहाटे हमखास कुडकुडतं. जीन्स नको, भिजली तर दोन दिवस वाळत नाही. वापरून मऊ झालेले बूट आणि एक जोड चपला. ताट, वाटी, पेला, चमचा, सगळ्यांवर नाव. टॉर्च आणि जादा सेल. शिट्टी गळ्यात.

अंथरुणाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, डोंगराच्या कुशीत त्याहून खाली. लोक अंगावर घ्यायला दोन जाड ब्लँकेटं देतात आणि खाली पातळ चटई. उब जाते ती खालून. जमीन रात्रभर अंगातली उब ओढत राहते. खाली आधी प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्रांच्या पाच-सहा घड्या किंवा पोतं, मग फोमची चटई किंवा सतरंजी, मग घडी केलेलं एक ब्लँकेट. अंगावर एक ब्लँकेट, कानटोपी आणि पायात कोरडे मोजे. एवढ्यात रात्र निघते.

> इशारा: चिवडा, लाडू, चॉकलेटं सॅकमध्ये नकोत. तंबूत मुंग्या येतात, माकडं सॅक फाडतात, आणि जेवणाच्या वेळी मूल “भूक नाही” म्हणतं. घरून आलेला खाऊ पहिल्या दिवशी जमा करून सगळ्यांत वाटा.

## ५. पोचल्यावरचे पहिले दोन तास

डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे जागेवर दुपारी दोनच्या आत पोचायला हवं. जेवण डब्यातलं, घरून आणलेलं. बस उशिरा निघाली आणि पाच वाजता पोचलात तर त्या रात्री तंबूचा हट्ट सोडा, शाळेच्या पडवीत झोपा.

मुलं उतरली की चौफेर पळत सुटतात. त्यांना दहा मिनिटं पळू द्या, मग हद्द दाखवा. कुठवर जायचं, कुठे नाही, सगळ्यांना सोबत घेऊन पायी एक फेरी मारा. त्यानंतरचा क्रम असा: आधी पाणी आणि संडासची जागा, मग तंबू, मग चूल, मग सरपण. लोक आधी तंबू ठोकतात आणि पाणी कुठून येणार हे नंतर ठरवतात. मग तंबूंच्या मधूनच बादल्यांची वाट पडते आणि चिखल होतो.

तंबूसाठी किंचित उताराची, मुरमाड, कोरडी जागा घ्या. कोरड्या ओढ्याचं पात्र सपाट आणि छान दिसतं, तिथे नको. खळग्यात नको, रात्री गार हवा उतरून तिथेच साचते. आधी खडे आणि काटक्या हाताने वेचा, मग खाली आडवं होऊन बघा. मूल आडवं झालं की त्याला पाठीला टोचणारा खडा आपोआप सापडतो. डोकं चढाकडे, दार वाऱ्याच्या उलट दिशेला. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली, डोकं बाहेर आणि टोक आत. सरळ ठोकलेली मेख पहिल्या झुळकेला वर येते.

पथकाचे तंबू जुन्या कापडाचे असतील आणि दोर सुती किंवा काथ्याचे, तर झोपण्याआधी ते थोडे सैल करा. दवाने असे दोर आखडतात आणि मेखा उपटतात. नायलॉनचा दोर भिजला की उलट ढिला पडतो, तो ताणून ठेवा. कुठला दोर कसा वागतो, हे मुलांना सांगून टाकू नका. सकाळी वाकडे झालेले तंबू दाखवून विचारा.

तंबू कलला, पुन्हा पडला, दोघांचं भांडण झालं, तरी हात लावू नका. मी पाठीमागे हात बांधून उभा राहतो, अक्षरशः. अंधार पडायला अर्धा तास उरला आणि तंबू अजून आडवाच असेल, तरच पुढे व्हायचं.

> तपासा: सूर्य मावळण्याआधी प्रत्येक मुलाने स्वतःचं अंथरूण घालून टॉर्च उशाशी ठेवलेली असावी. ‘नंतर घालतो’ चालणार नाही.

## ६. पाणी, संडास, चूल

माणशी रोज ३ लिटर पिण्याचं, आणि स्वयंपाक, भांडी, हात धुणं यांसाठी आणखी ४ लिटर. २८ जणांना दिवसाला साधारण २०० लिटर, अंघोळ सोडून. दोन कॅन पुरतील हा अंदाज दरवेळी चुकतो. पाणी खळखळा उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कापडातून गाळा, आणि मगच गोळी. गढूळ पाण्यात टाकलेली गोळी निम्मी वाया जाते.

संडास हा कॅम्पचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. गावातल्या शाळेचा स्वच्छ संडास मिळाला तर तोच घ्या. नाही तर पाणवठ्यापासून किमान ६० मीटर दूर, चुलीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला चर खणा: एक फूट रुंद, दोन फूट खोल. भोवती चादरींचा किंवा गोणपाटाचा आडोसा. खणलेली माती शेजारी, त्यात खुरपं, पाण्याची बादली, तांब्या, साबण. तंबूंपासून तिथपर्यंत कंबरेच्या उंचीवर दोरी बांधा आणि रात्री वाटेत एक कंदील. ही दोरी बांधायला पाच मिनिटं लागतात. तिच्यामुळे मुलं रात्री उठायला घाबरत नाहीत, आणि संडासला जावं लागेल म्हणून पाणी प्यायचंही टाळत नाहीत. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी यांच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

आता चूल. सरपण गावातून विकत घ्या, झाड तोडायचं नाही. चूल पेटवताना मुलं थेट जाड लाकडाला काडी लावतात आणि अर्धी काडेपेटी संपवतात. आधी तीन ढीग करायला लावा: काडीएवढं, बोटाएवढं, मनगटाएवढं. एका संघाने एका काडेपेटीत दोन दिवस काढायचे, असा नियम ठेवा. खरकट्या पाण्यासाठी एक खड्डा आणि सुक्या कचऱ्यासाठी दुसरा. ओल्या खड्ड्याच्या तोंडावर गवताची चाळण टाका. तेलकट चोथा तीत अडकतो, रोज ती जाळून नवी घाला. माश्या लागत नाहीत.

सहा जणांच्या संघाला एका वेळी अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ आणि तीन-साडेतीन लिटर पाणी अशी खिचडी. सकाळी साडेचारशे ग्रॅम पोहे. भाकरीच्या नादाला पहिल्या कॅम्पला लागू नका. दुसऱ्या दिवशी मात्र बिनभांड्यांचा स्वयंपाक ठेवा. निखाऱ्यात बटाटे आणि वांगी, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक. अर्धं कच्चं, अर्धं करपलेलं असतं आणि काहीही उरत नाही.

एका वर्षी एका संघाची खिचडी इतकी लागली की तळाला दोन बोटं कोळसा झाला. शेजारच्या संघाकडून आणायला मी नकार दिला. वरवरची धुरकट खिचडी त्यांनी लोणच्याबरोबर खाल्ली, एकाने रडत खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आवाज आला म्हणून बाहेर पाहिलं, तर तेच सहा जण टॉर्चच्या उजेडात सरपणाचे तीन ढीग लावत होते. कुणी उठवलं नव्हतं.

> इशारा: कितीही थंडी असली तरी शेगडी, निखारे किंवा गॅस तंबूच्या आत नेऊ नका. बंद तंबूत विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही.

## ७. पहिली रात्र

दिवसाचं सगळं यशस्वी झालं तरी कॅम्प मोडतो तो रात्री साडेनऊ ते साडेअकरा या दोन तासांत. शेकोटी विझते, गाणी थांबतात, तंबूचं दार बंद होतं आणि मुलाला घर आठवतं.

शेकोटीचा क्रम उतरता ठेवा. आरडाओरड्याचे खेळ आणि नकला आधी, संथ गाणी शेवटी. भुतांच्या गोष्टी नकोत. थोरली मुलं हट्ट करतात, धाकटी हसून ऐकतात, आणि मग रात्री संडासला कुणीच जात नाही. शेकोटीनंतर गरम दूध किंवा हळदीचं पाणी, मग सगळ्यांची एकत्र संडासफेरी, मग अंथरूण.

रडणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर “घरची आठवण येते का रे?” असं विचारू नका. एकाला विचारलं की चार रडतात. त्याला बाहेर बोलवा, दुसऱ्या शिक्षकांना दिसेल अशा जागी कंदिलापाशी बसवा आणि हाताला काम द्या. काच पुसायला द्या, उद्याचे पोहे मोजायला द्या. आठवण येणं ही चूक नाही, मलाही येते, एवढं एकदा म्हणा आणि विषय लांबवू नका. “उद्या सकाळी नाश्त्यानंतर ठरवू, जायचं की राहायचं.” हे म्हटलं की शब्द पाळायचा, सकाळी खरंच विचारायचं. माझ्या अनुभवात सकाळी ‘जायचं’ म्हणणारी मुलं फार थोडी. ज्यांनी म्हटलं त्यांना मी पाठवलं आहे. त्यातली एक मुलगी पुढच्या वर्षी स्वतःहून आली. दुसरा एक जण पुन्हा कधीच आला नाही, आणि त्यात काही बिघडलं असंही मला वाटत नाही. तंबूतली झोप प्रत्येकाला आवडलीच पाहिजे असं थोडंच आहे.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची जागा दाराशी. त्याला अकराला आणि पहाटे चारला हळूच उठवा. तरीही ओलं झालं तर बाकीचे उठण्याआधी कोरडी चादर आणि जोड द्या आणि ओलं दोरीवर टाका. त्या सकाळी दोरीवर इतरांचेही दोन-चार कपडे आधीच टाकून ठेवलेले असावेत. नाव फुटलं तर ते मूल कॅम्पला पुन्हा येत नाही.

रात्री कुणीही एकटं बाहेर पडायचं नाही, शेजाऱ्याला उठवून जोडीनेच जायचं. मोठ्यांची गस्त दोन-दोन तासांची, रात्रभर. “मी जागाच असतो” म्हणणारे सर बाराला घोरत असतात.

## ८. साप, विंचू, मधमाश्या

बूट घालण्याआधी झाडा. तंबूच्या दाराची चेन सतत बंद. अंथरुणात शिरण्याआधी टॉर्चने पाहा. सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. दगड उचलताना आधी आपल्या विरुद्ध बाजूने उचला.

साप चावल्याचा संशय आला तर मुलाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीने स्थिर करा, अंगठी-कडं काढा, आणि सरळ रुग्णालय. घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. १०८ ला फोन करा, पण आपली गाडी तयार असेल तर वाट पाहत बसू नका. आणि एक लक्षात ठेवा. मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो, खूण नीट दिसत नाही आणि फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते म्हणून उठलेल्या मुलाच्या पापण्या जड झाल्या असतील, बोलणं अडखळत असेल, तर ते अपचन समजून ओवा देऊ नका. निघा.

कोकणात कॅम्प असेल तर लाल विंचू. नुसती आग होत असेल तर बर्फ आणि धीर पुरतो, पण घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले की हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे दगावणं खूप कमी झालं. मात्र औषध वेळेत पोचलं तरच.

आग्या मोहोळाखाली धूर, अत्तर आणि दगड हे तिन्ही वर्ज्य. माश्या उठल्या तर आडवं पडून राहायचं नाही. तोंड झाकून दूर पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. काटा नखाने खरवडून लगेच काढा.

## ९. दुसरा दिवस

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिली रात्र निभावली की मुलं दुसरा दिवस स्वतःच चालवतात. सहाला उठणं, बी.पी. सिक्सचे व्यायाम (स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे सहा), पोहे, तंबूची तपासणी, ध्वज, मग होकायंत्र घेऊन गावाभोवतीची पायपीट. फक्त कार्यक्रम ठासून भरू नका. दुपारी दोन तास काहीच ठरवू नका. कंटाळलेली मुलं दगडांचं धरण बांधतात, लगोरी मांडतात, झाडाला झोका बांधतात, आणि घरी गेल्यावर नेमकं तेच सांगतात.

## १०. कॅम्प उठवणं

निघायच्या तीन तास आधी सुरुवात करा. आधी वैयक्तिक सॅक, मग स्वयंपाकघर, मग तंबू, सगळ्यात शेवटी संडासचा चर बुजवणं. तंबू आधी पाडले की ऊन चढतं, सावली उरत नाही आणि धाकटी मुलं सॅकवर बसून चिडचिड करतात. चुलीवर पाणी ओता, राख हाताने चाचपा. गार लागली तरच माती टाका. मग सगळ्या मुलांना हातभर अंतरावर एका ओळीत उभं करा आणि खाली बघत मैदान पार करायला लावा. प्रत्येकाने किमान पाच गोष्टी उचलायच्या, दुसऱ्याने टाकलेल्यासुद्धा. मालकाला आणि ज्यांच्या हापशाचं पाणी वापरलं त्यांना संघनायकांनी स्वतः जाऊन निरोप द्यायचा.

घरी आल्यावर तंबू तसेच कपाटात टाकू नका. सकाळच्या दवाने ते ओलसर असतातच, पंधरा दिवसांत बुरशी धरतात. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या गच्चीवर वाळत घाला आणि त्या कामाला मुलांनाच बोलवा. फाटकं तिथेच शिवा, दोर तपासा, मेखा मोजून पिशवीत भरा आणि पिशवीवर आकडा लिहा. आमच्या दर कॅम्पला दोन मेखा कमी भरतात. त्या नेमक्या कुठे जातात ते अजून कळलेलं नाही, म्हणून जाताना चार जादा नेतो.